संगणकातील यकृत आणि खरे माप

तळेगाव ढमढेरे येथील कापडाच्या दुकानात एखादे गिऱ्हाईक नव्या वाणाच्या कापडाची चौकशी करते, तेव्हा मुरलेला दुकानदार भाव सांगण्याआधी एक गोष्ट नकळत करतो. ठाणाचा पदर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो आधी उभ्या धाग्यावर ताण देतो, मग आडव्या धाग्यावर आणि शेवटी उरेब. उभे कापड फारसे हलत नाही, आडवे किंचित सैल पडते आणि उरेब ओढले की तेच कापड सहज लांबते. कोठवर ओढावे आणि कोठे थांबावे, हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नसते. वर्षानुवर्षे ठाणे हाताळून ते ज्ञान त्याच्या बोटांत उतरलेले असते. ते शिकत असताना चार वार कापड वाया गेले असेल, तर तो तोटा वहीत मांडता येतो आणि पुढच्या हंगामात भरूनही काढता येतो.

शल्यचिकित्सकाच्या बोटांनाही नेमके असेच ज्ञान लागते. त्वचा, यकृत, आतडे, रक्तवाहिन्या यांना शास्त्रात मृदू ऊती म्हणतात. त्यांनाही दिशा असते, ताण असतो आणि फाटण्याची मर्यादा असते. मात्र येथे वाया गेलेले वस्त्र एखाद्या जिवंत माणसाचे असते. वेळ नदीकाठच्या या गावातून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी एखादे कुटुंब आपल्या माणसाला पुण्यास घेऊन जाते, तेव्हा संमतिपत्रावर सही करताना घरातील कर्ता माणूस खर्च विचारतो, दिवस विचारतो, धोका विचारतो. शस्त्र धरणारा हात कोठे शिकला आणि त्याच्या पहिल्या चुका कोणाच्या वाट्याला आल्या, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

वैद्यकाने हा प्रश्न फार पूर्वी विचारला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचा विषयच शिष्याच्या हस्तकौशल्याचा सराव हा आहे. छेद घेण्याचा अभ्यास कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड आणि काकडी यांवर करावा. भेदनाचा अभ्यास पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. शिवण्याचा अभ्यास जाड वस्त्रावर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधण्याचा अभ्यास वस्त्रादिकांच्या पुतळ्यावर, अशी तेथे योजना आहे. शास्त्र कितीही पाठ असले, तरी ज्याने हा सराव केलेला नाही तो कर्मास अयोग्य, असा त्या अध्यायाचा आशय आहे. यातील निवड लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. प्रत्येक क्रियेसाठी वेगळी वस्तू सुचवली आहे, कारण प्रत्येक ऊतीचा हाताला लागणारा प्रतिसाद वेगळा असतो. साल कठीण आणि गर मऊ असलेले फळ एक गोष्ट शिकवते, तर पाण्याने फुगलेली पिशवी दुसरी. मृदू ऊतीची प्रतिकृती करण्याचा हा जगातील अत्यंत जुना आणि पद्धतशीर प्रयत्न म्हणावा लागेल.

याच परंपरेचा एक धागा थेट पुणे परिसरात सापडतो. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. इंग्रजी वृत्तांतात त्याचे नाव कावसजी असे आले आहे. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे एक वर्ष तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आले आणि युरोपातील शल्यचिकित्सक चकित झाले. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. नाकाच्या पुनर्रचनेची ही रीत शल्यशास्त्राच्या पुस्तकांत आजही भारतीय पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

त्या वर्णनातील तपशील व्यापारी घराला ओळखीचे वाटावेत असे आहेत. कारागिराने प्रथम मेणाची पातळ चकती घेऊन रुग्णाच्या उरलेल्या नाकावर बसवली आणि तिला सुबक नाकाचा आकार दिला. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेने रेघ आखली आणि तेवढीच त्वचा कपाळावरून सोडवली. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध त्वचेची एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली, कारण रक्ताचा पुरवठा तिच्यातूनच व्हायचा होता. सोडवलेली त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसवल्यावर वरून कापडाच्या पट्ट्या लावल्या. त्या पाण्यात मऊ केलेल्या काताने माखलेल्या होत्या. चार दिवसांनंतर तुपात भिजवलेले कापड लावले आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली. कात आणि तूप किराणा दुकानातले, मेणही बाजारातले. पण शस्त्र उचलण्यापूर्वी नाक आधी मेणात घडवून पाहण्याची बुद्धी त्या कारागिराची होती. चूक व्हायची ती मेणावर होऊ दे, हा त्या चकतीचा अर्थ होता.

मेणाला मात्र एक मर्यादा होती. ते आकार सांगते, ताण सांगत नाही. शरीरावरील त्वचा मुळातच ताणलेली असते. म्हणून जखम उघडी पडते आणि सोडवलेला त्वचेचा तुकडा लगेच आकसतो. व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ साली मृतदेहांच्या त्वचेला गोल टोच्याने छिद्रे पाडली. छिद्रे गोल न राहता लांबट झाली आणि त्यांच्या दिशा जोडत गेल्यावर संपूर्ण शरीरावर रेषांचे एक जाळे उमटले. त्या रेषांच्या दिशेने घेतलेला छेद चांगला मिटतो, आडवा घेतलेला अधिक फाकतो. कापडाच्या दुकानदाराला उभा, आडवा आणि उरेब यांतील जो फरक चिमटीत कळतो, तोच येथे त्वचेत दिसला.

पुढचा प्रश्न तो फरक आकड्यांत कसा मांडावा, हा होता. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली दिलेला नियम सोपा आहे : दुप्पट जोर लावला की स्प्रिंग दुप्पट लांबते. पोलादी तारेला तो मर्यादित ताणापर्यंत नीट लागू पडतो, पण जिवंत ऊती असा सरळ हिशेब ठेवत नाही. तिच्यातील कोलॅजनचे तंतू आरंभी नागमोडी असतात, म्हणून थोड्या जोराने ती भराभर लांबते. तंतू सरळ झाले की तीच ऊती एकाएकी कडक होते आणि त्यापुढे थोडासा जादा जोर तिला फाडू शकतो. दुसरी गोष्ट काळाची. मळलेली कणीक ओढून धरली की काही वेळाने तिचा विरोध कमी होतो, तसेच ऊतीचेही होते. तिसरी गोष्ट पाण्याची. ऊतीत पाण्याचा अंश फार असल्याने ती दाबली तर आकुंचन पावत नाही, बाजूला फुगते. वाय. सी. फंग या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वर्तनाची गणिती मांडणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा जिवंत ऊतींच्या यांत्रिक गुणधर्मांवरील ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो.

हे गणित संगणकात कसे उतरते? सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या चित्रांवरून यकृताचा त्रिमित आकार मिळवतात आणि त्याचे हजारो लहान चतुष्फलकी तुकडे कल्पितात. प्रत्येक तुकड्याला ऊतीचे नियम लावतात. शेजारच्या तुकड्यांची टोके सामाईक असल्याने एक टोक हलले की सर्वांवर परिणाम होतो, आणि हजारो समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. धरणे आणि विमाने यांच्या बांधणीसाठी वाढलेल्या या पद्धतीला १९६० साली रे क्लफ यांनी जे नाव दिले, त्याला मराठीत सान्त घटक पद्धती म्हणता येईल. धरणाच्या अभियंत्याला मात्र उत्तर उद्या मिळाले तरी चालते. सराव करणाऱ्या शल्यचिकित्सकाला ते त्याच क्षणी हवे असते. डोळ्याला चित्र सलग भासण्यासाठी सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे पुरतात; पण हाताला स्पर्श खरा वाटण्यासाठी बळाचा आकडा सेकंदाला सुमारे हजार वेळा नव्याने द्यावा लागतो. तसे झाले नाही, तर हातातील अवजार थरथरते किंवा यकृत दगडासारखे नाही तर चिखलासारखे लागते.

या अडचणीवर फ्रान्समधील इन्रिया या संस्थेतील स्टेफान कोताँ, एर्व्हे दलँजेत आणि निकोला आयाश यांनी १९९९ साली जो मार्ग मांडला, तो जुन्या पेढीवरील माणसाला लगेच समजेल. पूर्वी व्यापाऱ्याचा मुलगा दुकानावर बसण्याआधी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ करत असे. कष्ट घरी आधीच झालेले असत, म्हणून गिऱ्हाइकासमोर हिशेब तत्काळ होई. त्याचप्रमाणे या संशोधकांनी यकृतातील प्रत्येक बिंदू हलवला तर बाकीचे बिंदू किती हलतील, याची कोष्टके संगणकाकडून आधीच तयार करून घेतली. सरावाच्या वेळी फक्त बेरजा उरल्या. या युक्तीलाही किंमत होती. कोष्टक एकसंध यकृताचे. त्याला छेद दिला की जोडणीच बदलते आणि कोष्टक निरुपयोगी होते. म्हणून जेथे कापायचे तेवढ्या भागासाठी वेगळी, जागेवरच आकडेमोड करणारी रीत त्यांना जोडावी लागली.

स्पर्श हातापर्यंत पोचवणारी यंत्रेही याच दशकात आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी फँटम नावाचे उपकरण घडवले. त्याची लेखणीसारखी कांडी धरून पडद्यावरील वस्तू दाबली की कांडी तितक्याच जोराने हाताला विरोध करते. त्याच संस्थेत त्याच सुमारास स्टीव्हन पायपर यांनी चेहऱ्यावरील प्लास्टिक सर्जरीसाठी संगणकीय रचना केली. त्वचेचा तुकडा कोठून घ्यावा, कसा वळवावा आणि शिवल्यावर ताण कोठे पडेल, हे त्यात छेद घेण्याआधी पडद्यावर पाहता येत होते. पुण्याजवळच्या कारागिराने मेणात जे केले, त्याचीच ही पुढची पायरी. दोनशे वर्षांनी मेणाला ताणाचे गणित मिळाले.

एवढ्या खटाटोपाची गरज नेमकी कोठे पडते, हे मुंबईतील एका घटनेने स्पष्ट होते. १९९० साली जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. त्यापूर्वी १९७२ पासून ते रोगनिदानासाठी ही दुर्बीण वापरत होते. मोठ्या छेदाऐवजी लहान छिद्रे, वेदना कमी, कामावर लवकर परतणे; या लाभांमुळे ती पद्धत देशभर पसरली आणि आज खेड्यापाड्यांतील कुटुंबांनाही तिचे नाव ठाऊक आहे. मात्र या पद्धतीत शल्यचिकित्सकाच्या बोटांचा थेट स्पर्श हरपतो. लांब अवजार छिद्रातून आत जाते, त्यामुळे हात डावीकडे नेला की आतील टोक उजवीकडे जाते. आतील दृश्य सपाट पडद्यावर दिसते आणि ऊती किती ताणली गेली आहे, हे अवजाराच्या दांड्यातून अंधुकसे जाणवते.

या अंधुकतेत एक मोठा धोका दडलेला आहे. पित्ताशय पकडून ओढताना दिशा आणि जोर चुकला, तर मृदू ऊती वाकतात आणि पित्ताशयाची लहान नळी मुख्य पित्तनलिकेशी एका रेषेत येते. दोन नळ्या मग एकच भासतात. लहान नळी समजून मुख्य नलिका कापली गेली, तर साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णाला पुढे अनेक महिने आणि अनेक शस्त्रक्रिया भोगाव्या लागू शकतात. येथे चूक केवळ डोळ्याची नसते. ऊती कशी वाकते, याची जाण हातात उतरलेली नसते, हे तिचे मूळ असते.

सरावाने फरक पडतो काय, याची तपासणी अमेरिकेतील येल विद्यापीठात झाली आणि २००२ साली प्रसिद्ध झाली. सोळा शिकाऊ शल्यचिकित्सकांपैकी काहींना संगणकावर ठरावीक कौशल्य येईपर्यंत सराव दिला, इतरांना नेहमीचेच शिक्षण दिले. त्यानंतर सर्वांनी प्रत्यक्ष रुग्णाचे पित्ताशय यकृतापासून सोडवले. सराव केलेल्यांचे काम २९ टक्के अधिक वेगाने झाले आणि त्यांच्या चुका सरासरीने सहापटींनी कमी होत्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या सरावयंत्रात यकृत नव्हतेच. पडद्यावर साधे भौमितिक आकार होते. अवजार उलटे चालते त्याची सवय होण्यास तेवढे पुरले. पण किती जोराने ओढावे आणि कोठे थांबावे, हे गोळे आणि चौकोन शिकवू शकत नाहीत. त्यासाठी खऱ्या ऊतीसारखी वागणारी ऊतीच हवी.

येथेच प्रतिमान घडवणाऱ्याची जबाबदारी वाढते. संगणकातील यकृत खऱ्यापेक्षा कडक असेल, तर त्यावर शिकलेला हात प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त जोर लावील. अशा सरावापेक्षा सराव नसलेला बरा, कारण खोटे शिकलेला हात आत्मविश्वासाने चुकतो. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे कमी-जास्त मापे वापरणे, हा एक दोष सांगितला आहे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे, हा दुसरा. तराजूच्या संदर्भात सांगितलेले हे दोन्ही दोष या आधुनिक यंत्रालाही लागू पडतात. प्रतिमान हे एक मापच आहे. फरक इतकाच की दुकानातील खोट्या मापाने गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि येथील खोट्या मापाची भरपाई रुग्णाच्या शरीराला करावी लागते.

हे माप खरे कसे ठेवावे? एक मार्ग इलॅस्टोग्राफीचा आहे. त्वचेवरून हलका कंप देऊन तो यकृतातून किती वेगाने जातो हे ध्वनिलहरींनी मोजतात आणि त्यावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये मिळतो. निरोगी यकृताचा आकडा साधारण ५ च्या आसपास असतो. सिरोसिस झालेल्या यकृताचा बहुधा १२-१३ च्या पुढे जातो. शस्त्र न लावता जिवंत माणसाच्या ऊतीचे माप घेण्याची ही रीत आहे. तिने हेही दाखवले की सर्वांना एकच यकृत लावून चालणार नाही. वय, चरबी आणि आजार यांनुसार ऊतीचा स्वभाव बदलतो.

दुसरा मार्ग अधिक जड मनाने सांगावा लागतो. शिकाऊ हातांच्या सरावासाठी डुकरे, शेळ्या, उंदीर, बेडूक यांचे प्राण दीर्घकाळ गेले आहेत आणि ऊतींची मापेही पुष्कळदा प्राण्यांच्या अवयवांवरच घेतली गेली. अहिंसेला कुळाचार मानणाऱ्या कुटुंबांतील मुले वैद्यकीय शिक्षणाला जाताना या वळणावर अडखळत आली आहेत. परिस्थिती हळूहळू बदलते आहे. भारतात २०१४ साली वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमातील प्राण्यांवरील प्रयोगांच्या जागी संगणकीय प्रतिमाने आणण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदन थांबवण्याचे पाऊल उचलले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून उभ्या राहिलेल्या मिमिक या कंपनीने एन्डोस्कोपीच्या सरावाचे देशी यंत्र घडवले आहे. तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर जमेच्या बाजूला मानवी देहदानही लिहिले पाहिजे. अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ साली एका दिलेल्या देहाचे एक-एक मिलिमीटर अंतराचे छेद घेऊन त्यांची चित्रे अभ्यासकांसाठी खुली केली. जगभरची कित्येक प्रतिमाने त्या एका देहावर उभी आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाने मृतदेह शिक्षणासाठी देण्याची वाट कायदेशीर केली आहे. संगणकातील यकृत कितीही सुधारले, तरी त्याला खऱ्याशी ताडून पाहण्यासाठी कोणीतरी मागे ठेवलेला देह लागतोच.

व्यापारी कुटुंबांनी दवाखाने बांधले, रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधल्या, महागडी यंत्रे दान केली. त्या यंत्रांवर दात्यांची नावे कोरलेली दिसतात. वैद्यकीय महाविद्यालयांतील कौशल्य-प्रयोगशाळांना मात्र अशी देणगी क्वचितच सुचते, कारण तेथे रुग्ण दिसत नाही. तेथे फक्त एक विद्यार्थी कांडी हातात धरून पडद्यावरील पित्ताशय विसाव्यांदा सोडवत असतो आणि विसाव्यांदा चुकत असतो. त्या वीस चुका कोणाच्याही अंगावर उमटत नाहीत, हेच त्या खोलीचे दान. शस्त्रक्रियेची वेळ येते तेव्हा कुटुंबानेही एक साधा प्रश्न सौम्यपणे विचारण्यास हरकत नाही : या पद्धतीचा सराव आपण कसा केलात? चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

तळेगावच्या दुकानात कापड पसंत पडले की दुकानदार गज लावून मोजतो, बोटाने खूण करतो आणि कात्री चालवण्याआधी ती खूण पुन्हा एकदा तपासतो. पुण्याजवळच्या त्या कारागिराने कपाळावर मेणाच्या कडेने रेघ ओढली, तीही अशीच खूण होती.